दार बाहेर उघडतं

सर, काकूंच्या बाथरूममध्ये मी स्टीलचे तीन दांडे बसवले. तिन्ही पक्के आहेत, मी स्वतः लोंबकळून पाहिलंय. त्यातल्या एकाचाही काकूंना उपयोग झाला नाही. तुम्हाला जाऊन अकरा वर्षं झाली आणि इतक्या वर्षांत तुम्हाला काही लिहावं असं मला कधी वाटलं नाही. जे सांगायचं ते मी स्टेजवरून सांगत आलो आणि तुम्ही कुठेतरी शेवटच्या रांगेत बसून ऐकताय अशी माझी सोयीची समजूत होती. हे मात्र स्टेजवरून सांगता येण्यासारखं नाही. आज रविवार. मी डिंडोलीला तुमच्या घरी आलोय, खिडक्या उघडल्यात, पंखा लावलाय आणि तुमच्याच टेबलाशी बसलोय. घरात कुणी नाही. काकूंना पुण्याला जाऊन दोन महिने झाले.

गच्चीवरून वाळलेली गोधडी घेऊन उतरताना काकूंचा पाय शेवटच्या पायरीवरून सरकला. डाव्या नडगीचं हाड मोडलं. ऑपरेशन झालं, आत प्लेट टाकली. सहा आठवडे पाय जमिनीला टेकवायचा नाही, मग वॉकर, असं डॉक्टरांनी सांगितलं. तुमची मुलगी पुण्याहून रजा घेऊन आली. स्वयंपाक, औषधं, पाय उशीवर ठेवणं, सगळं तिनं केलं. रोज ओल्या फडक्यानं अंगही पुसून दिलं, पण तेवढा वेळ काकू डोळे घट्ट मिटून पडायच्या, जणू दुसऱ्याच कुणाचं काही चाललंय. वॉकर हातात आला तेव्हा मुलीची रजा संपत आली होती. एका संध्याकाळी तिनं मला बोलावून घेतलं आणि काकूंच्या देखतच सांगितलं, "दादा, मी आईला घेऊन जाते."

"आणि दुपारच्या बायकांना कोण वाचून दाखवणार?" पलंगावरून काकू म्हणाल्या. गल्लीतल्या चार-पाच जणी साड्यांना खडे चिकटवायचं काम घेऊन दुपारी तुमच्या बाहेरच्या खोलीत बसतात, हे तुमच्या माघारी सुरू झालंय. तुमच्या खोलीत उजेड चांगला येतो. त्यांचे हात चालू असतात आणि काकू त्यांना पेपर वाचून दाखवतात, अग्रलेखासकट. मध्ये मध्ये स्वतःचं मतही घालतात. कुठलं वाक्य पेपरचं आणि कुठलं काकूंचं हे त्या बायकांना आता ओळखू येत नाही.

"पुण्यात पण माणसं आहेत, आई."

"चौथ्या मजल्यावर? तिथे मी कुणाला वाचून दाखवू, लिफ्टला?"

मुलगी हसली नाही. तिनं मला बाजूला घेतलं. स्वयंपाकाला बाई मिळेल, झोपायला शेजारची येईल, पण आंघोळीचं काय, असं ती म्हणाली. काकू कुणाला आत येऊ देणार नाहीत आणि एकट्या गेल्या तर पडतील. शेवटी तिनं सरळ अट घातली. पुढच्या शनिवारी आई एकटीनं आंघोळ करून धड बाहेर आली, तर ती इथे राहील. नाहीतर रविवारी गाडीत बसेल. मी म्हणालो, "शनिवारपर्यंत बाथरूम असं करून देतो की सुरतेत दुसरं दिसणार नाही. म्हाताऱ्या माणसाला स्वतःच्या घरात सन्मानानं राहता येऊ नये, ही लाज काकूंची नाही, ती घरं बांधणाऱ्यांची आहे, ज्यांना…"

"दादा," ती म्हणाली, "भाषण नको. बाथरूम हवंय."

आतून काकू मोठ्यानं हसल्या. हसताना पाय दुखला असावा, कारण हसू मध्येच तुटलं.

मी कामाला लागलो. तुम्हाला माहीत आहे, मी काही करायचं म्हटलं की आधी वाचतो. दोन दिवस मी फक्त वाचलं. बाथरूममध्ये माणसं कशी पडतात, का पडतात, कुठे पडतात. रबरी सक्शन कप लावलेले दांडे भिंतीला चिकटतात पण ऐनवेळी सुटून हातात येतात, म्हणून स्क्रूचेच घ्यावेत. गुळगुळीत लादी नको. बाथरूमची जमीन खोलीपेक्षा खाली असते, तो उंबरा काढून उतार द्यावा. बादली जमिनीवर न ठेवता स्टुलावर ठेवावी, म्हणजे वाकायला लागत नाही. पायांना रबर लावलेली उंच बैठक घ्यावी. आतून कडी लावू नये. आणि दार आत उघडणारं नसावं, कारण माणूस आत पडला तर त्याचं अंगच दाराला अडतं आणि बाहेरच्यांना दार उघडता येत नाही. हे शेवटचं वाचल्यावर मी उठून बसलो. तुमच्या घराचं दार आतच उघडत होतं. तेच लाकडी दार, खाली ओलीनं कुजलेलं.

बायको म्हणाली, "काकूंना विचारलं का, त्या कशी करतात आंघोळ ते?"

"असं कसं विचारणार?"

"मग मी विचारू?"

"त्यात काय विचारायचं? मी सगळं वाचलंय."

"तुम्ही वाचलंय. काकूंनी वाचलंय का?"

मी प्लंबरला फोन लावला. दोन दिवस घरात हातोडे चालले. उंबरा गेला. जुन्या लाद्यांवर खरखरीत लाद्या बसल्या. नळाच्या भिंतीला दोन दांडे आणि कमोडशेजारी एक. जुनं दार निघालं आणि फायबरचं नवं, बाहेर उघडणारं दार आलं. त्याला लोहचुंबक लावून घेतलं, म्हणजे कडी न लावताही ते मिटलेलं राहील. काकू पलंगावरून आवाज ऐकत होत्या. मधून मधून विचारायच्या, "अरे, बाथरूम चाललंय की पूल बांधताय?" मुलीनं त्यांना एकदा विचारलं होतं, आई, तुला काही सांगायचंय का? काकू म्हणाल्या, "तो करतोय ना, करू दे. त्याला बरं वाटतं." ते मी ऐकलं होतं आणि मला बरंच वाटलं होतं.

सर, त्या काढलेल्या दाराशी माझी जुनी ओळख होती. वक्तृत्व स्पर्धेच्या आधी तुम्ही मला सकाळी शाळेअगोदर घरी बोलवायचात. मी याच खोलीत, कपाटासमोर उभा राहून बोलतोय, तुम्ही खुर्चीत दाढी करताय, आरशात बघत मला हातानं थांबवताय. त्याच वेळी आत काकूंची आंघोळ चालू असायची. मी एखाद्या वाक्याचा शेवट गिळला की आतून बादलीवर तांब्या आपटायचा. ठण्. तुम्ही वस्तरा थांबवून म्हणायचात, "परीक्षक नाराज आहेत. पुन्हा म्हण." मी पुन्हा म्हणायचो. दोनदा ठणठण झालं तर ते फारच वाईट. एकदा माझं भाषण संपलं तरी आतून काहीच आवाज आला नाही. तुम्ही म्हणालात, "जा, पहिला नंबर तुझा." आणि तो आला. आज हजारभर माणसांसमोर बोलतानाही वाक्याच्या शेवटी माझा आवाज खाली पडत नाही, तो त्या तांब्यामुळे. त्या दाराला तेव्हाही कडी नव्हती. कडीच्या जागी एक वाकवलेला खिळा होता आणि तोही फिरायचा. मी तो रोज पाहत होतो. घरात सकाळपासून विद्यार्थ्यांची ये-जा, आत एक बाई आंघोळ करतेय आणि दाराला कडी नाही, तर ते दार मिटलेलं कसं राहतं, हा प्रश्न मला तेव्हा पडला नाही. तुम्हालाही पडला नसावा.

तुम्ही मला एकदाच खरं रागावलात. श्रमिक स्त्रीवरच्या भाषणाबद्दल मी बक्षिसाची ढाल आणली होती. आम्ही तेव्हा रेल्वे लाइनच्या कडेला राहत होतो. वडील लूमवर आणि आई घरी साड्यांचे धागे कापायची. वस्तीत संडास नव्हता. बायका उजाडायच्या आत रुळांकडे जायच्या आणि मग दिवसभर पोट धरून बसायच्या, असं मी भाषणात बोललो होतो. सभागृहातल्या बायकांनी डोळ्यांना पदर लावले होते. तुम्ही ढाल बाजूला ठेवलीत आणि विचारलंत, "पोट धरून बसते हे तुला कोणी सांगितलं?"

"कळतं ना, सर."

"आईला विचारलंस?"

"त्यात काय विचारायचं?"

तुम्ही ओरडला नाहीत. खडू ठेवून हात झटकलेत. "जिच्या अडचणीवर तू ढाल आणलीस, तिला एकदा विचार तरी. उद्या मला येऊन सांग ती काय म्हणाली." त्या दिवशी संध्याकाळी मी आईसमोर जाऊन बसलो. तिच्या मांडीवर साडी होती आणि हातात ती छोटी कात्री. मी म्हणालो, "आई, तू सकाळी…" आणि पुढचा शब्द सुचेना. तिनं वर पाहिलं आणि तिचा चेहरा असा काही झाला की मी जमिनीकडे बघायला लागलो. "तुले काय करनं शे?" ती म्हणाली. "अभ्यास कर." दुसऱ्या दिवशी तुम्ही वर्गाबाहेर मला गाठलंत. विचारलंस? मी म्हणालो, हो. काय म्हणाली? मी म्हणालो, आई म्हणाली, दुपारपासून मी पाणीच पीत नाही, म्हणजे उजाडेपर्यंत निभतं. तुम्ही माझ्या खांद्यावर हात ठेवून म्हणालात, "हे बोल. यापुढे हेच बोल."

मी बोललो, सर. आयुष्यभर बोललो. लूमच्या कारखान्यांत पाळीच्या माणसांना धड संडास नाही, हजीऱ्याकडे ठेकेदाराकडच्या मजूर बायकांना आडोसा नाही, हे मी कुठल्याही स्टेजवर, कुठल्याही साहेबाच्या तोंडावर बोललो, अजून बोलतो, आणि त्यातल्या एका शब्दाबद्दल मला पश्चात्ताप नाही. शनिवारच्या आदल्या दिवशीही हजीऱ्याला एका कारखान्याच्या गेटवर माझी सभा होती. तिथे एका मशीनला नवीन जाळी बसवली होती, सुरक्षेसाठी म्हणून, आणि त्या जाळीतच एकाची बोटं चेंगरली होती. मी म्हणालो, ज्याचा हात मशीनमध्ये जातो त्याला न विचारता जाळी बसवणारा माणूस सुरक्षा आणत नाही, तो फक्त स्वतःची सही सुरक्षित करतो. टाळ्या पडल्या. परत येताना बसमध्ये माझ्या मनात काहीही आलं नाही. खरंच काहीही नाही. उद्या काकूंची परीक्षा आहे आणि मी ती आधीच जिंकलोय, एवढंच होतं.

शनिवारी सकाळी मी या खोलीत पेपर धरून बसलो होतो. मुलगी स्वयंपाकघरात होती. काकू वॉकर टेकत आल्या, दाराशी थांबल्या, नव्या लादीवर पाय घासून पाहिला आणि म्हणाल्या, "छान केलंस रे. सर असते तर उद्घाटनाला माणसं बोलावली असती." मी म्हणालो, काकू, कडी लावू नका हं. त्या म्हणाल्या, नाही लावत. दार चुंबकाला चिकटलं. नळाचं पाणी बादलीत पडू लागलं. मग बैठक ओढल्यासारखा एक आवाज आला. मी तिकडे लक्ष दिलं नाही. तांब्यानं पाणी घेतल्याचा आवाज, अंगावरून पाणी गेल्याचा आवाज. कितीतरी वर्षांनी मी तो आवाज त्याच खोलीत बसून ऐकत होतो आणि मला हसू येत होतं. स्वयंपाकघराच्या दारातून मुलीनं माझ्याकडे पाहिलं, तिच्याही चेहऱ्यावर हसू होतं. ती हळूच म्हणाली, "जमलं की, दादा."

मग धाडकन दार उघडलं आणि काकू पाठीवर बाहेर पडल्या.

मी उठलो आणि तिथेच थांबलो. दोन पावलांवर त्या पडल्या होत्या. मला दोन पावलं टाकता आली नाहीत. मी तोंड फिरवलं आणि तुमच्या कपाटाच्या काचेकडे पाहत उभा राहिलो. काचेतही दिसेल म्हणून डोळे मिटले. मागे मुलगी किंचाळत होती, "आई, आई!" शेजारची धावत आली, "ओ माय! काकू!" दोघींना त्या उचलत नव्हत्या, मला ऐकू येत होतं. मी ताकदीचा माणूस, मला एका हातानं उचलता आल्या असत्या. मी पलंगावरची चादर ओढली आणि डोळे मिटून, पाठमोराच, हात मागे करून ती धरून उभा राहिलो. कुणीतरी घेईल म्हणून. कितीतरी वेळ ती कुणी घेतली नाही. मी नुसता म्हणत होतो, "काय झालं? काय झालं?" सबंध आयुष्यात मी इतकं निरर्थक वाक्य इतक्या वेळा म्हटलेलं नाही. शेवटी जमिनीवरून काकूंचाच आवाज आला, दमलेला, पण शेवटपर्यंत स्पष्ट. "अगं, त्याच्या हातातली चादर घ्या आधी. अवघडलाय तो."

प्लेट हलली नव्हती. माकडहाडाला मार होता, कोपर सुजलं होतं. डॉक्टरांनी आणखी सहा आठवडे पडून राहायला सांगितलं आणि त्याबरोबर सगळं ठरलंच. दुसऱ्या दिवशी, रविवारी, गाडी आली. काकूंना मागच्या सीटवर आडवं केलं. दुपारच्या बायका खड्यांच्या पिशव्या हातात घेऊनच गल्लीत उभ्या होत्या. त्यातली एक म्हणाली, "काकू, पेपर फोनवर वाचा आमाले." काकू म्हणाल्या, "वाचीन. पण मध्येच बोलायचं नाही."

मुलगी कुलपासाठी आत गेली तेव्हा काकूंनी मला खिडकीशी बोलावलं. म्हणाल्या, "मनाला लावून घेऊ नकोस. चूक माझी झाली." मी म्हणालो, कशी? त्यांनी माझ्याकडे न बघता, पुढच्या सीटच्या पाठीकडे बघत सांगितलं. "त्या जुन्या दाराला कडी कधी नव्हतीच. सरांना म्हणायची, लावा, ते म्हणायचे, लावतो. घरात तुम्ही पोरं. मग मी दाराला पाठ लावून बसायची. इतकी वर्षं तशीच बसले. उठताना पाठीनं दार दाबायचं आणि उठायचं. सर गेल्यावर घरात कुणी नव्हतं, तरी तशीच बसायची. सवय. काल तू म्हणालास कडी लावू नका, म्हणून बैठक दाराशी ओढली. उठायला जोर दिला आणि…" त्या हसल्या. "ते दार कुठे थांबतंय."

मी म्हणालो, "काकू, मी विचारायला हवं होतं."

"विचारलं असतंस तर मी सांगितलं असतं का, कोण जाणे," त्या म्हणाल्या. "बहुतेक नसतंच सांगितलं." मुलगी बाहेर आली, तिनं किल्ली माझ्या हातात दिली आणि गाडी निघाली.

आता मी बाथरूममध्ये जाऊन आलो. बैठक अजून दाराशीच आहे, कुणी हलवलेली नाही. मी तिच्यावर दाराकडे पाठ करून बसलो आणि हात लांब केला. माझा हात लांब आहे तरी दांड्यापर्यंत पोचला नाही. मग पाठीनं दार हळूच दाबलं. एवढंसं दाबलं की चुंबक सुटतो, सर.

तुम्हाला दोन गोष्टी सांगायच्या राहिल्यात. दांडे बसवताना प्लंबर हातात पेन्सिल घेऊन उभा होता. बिहारकडचा शांत माणूस. त्यानं विचारलं, "साहब, माँजी से पूछ लिए हैं न, किधर चाहिए?" आणि मी म्हणालो, "हाँ, पूछ लिया." अगदी सहज म्हणालो. तितक्याच सहज पूर्वी एकदा तुम्हालाही म्हणालो होतो. पाण्याचं ते वाक्य आईचं नव्हतं. आईनं मला तसं कधी काही सांगितलं नाही. ते मी वर्गाबाहेर, तुमच्यासमोर उभं राहून रचलं होतं. ते वाक्य आलं की मांडव आजही गप्प होतो आणि मी ते तुम्ही सांगितल्याप्रमाणे आजही बोलतो. ते खरं असण्याची शक्यता पुष्कळ आहे. आई गेली, आता कळायचा मार्ग नाही.

हे पत्र तुमच्या कपाटात पुस्तकांमागे ठेवून जाईन, किंवा तेही करणार नाही. परवा काकूंचा फोन आला होता. वॉकरनं गॅलरीपर्यंत जातात म्हणाल्या. मग म्हणाल्या, आता आंघोळीलाही एकटीच जाते. तिथल्या बाथरूमचं दार कुणीकडे उघडतं, हे विचारायचं माझ्या अगदी ओठांवर आलं होतं. मी पुण्यात पाऊस कसा आहे ते विचारलं.